लांबून माणूस का कळत नाही

एखादी गायिका जीव ओतून गाते. तिच्या आवाजात आर्जव असतं, करुणा असते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं आणि त्याच्याही नकळत मनात एक निकाल लागून जातो. इतकं आर्त गाणारी बाई मनानेही हळवीच असणार. घरच्यांशी मायेने वागत असणार, साथीदारांना सांभाळून घेत असणार. यातलं प्रत्यक्ष माहीत काय आहे? ती सुंदर गाते, एवढंच. बाकीचं सगळं ऐकणाऱ्याने पदरचं घातलेलं असतं.

ही पदरची भर आपण सगळेच घालतो. खेळाडूच्या जिद्दीवरून त्याचा प्रामाणिकपणा ठरवतो, शास्त्रज्ञाच्या बुद्धीवरून त्याचा शहाणपणा, वक्त्याच्या ओघवत्या बोलण्यावरून त्याची तळमळ. पुढे कधीतरी त्या माणसाचं वेगळंच रूप बाहेर येतं आणि आपण हळहळतो, ‘असा असेल असं वाटलं नव्हतं.’ कधी कधी त्याने खरोखरच जगाच्या डोळ्यांत धूळ फेकलेली असते. पण पुष्कळदा तो आधीपासून होता तसाच असतो, त्याच्याबद्दल नको ते गृहीत आपण धरलेलं असतं.

ही भर पडते कशी आणि लांबच्या माणसाबाबत ती एवढी का वाढते, हे समजून घ्यायला हवं. तिची किंमत बहुतेक वेळा आपल्याला मोजावी लागत नाही, दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते. माझ्या मते या विषयाचा गाभा तिथे आहे.

एका गुणाचा उजेड

1920 साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा एक छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण त्याने तपासले होते. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य अशा प्रत्येक बाबीचे गुण वेगळे द्यायचे होते. कुणी तब्येतीने दणकट पण बुद्धीने बेताचा निघेल, कुणी हुशार असेल पण माणसं सांभाळण्यात कच्चा असेल, अशी अपेक्षा होती. कागदावर मात्र हे गुण एकमेकांना चिकटूनच चालत होते. ज्याची शरीरयष्टी चांगली, त्याला बुद्धीतही बरे गुण आणि चारित्र्यातही. अधिकारी एकेक गुण सुटा करून बघतच नव्हते. माणसाबद्दल एक ठोकळ मत व्हायचं आणि ते प्रत्येक रकान्यात उतरायचं. मानसशास्त्रात ज्याला ‘हेलो इफेक्ट’ म्हणतात, तो हाच. संतांच्या चित्रात डोक्यामागे तेजोवलय दाखवतात, त्यावरून हे नाव आलं.

आणि हे अधिकारी त्या माणसांच्या प्रत्यक्ष सहवासात होते. ज्याला आपण फक्त पडद्यावर पाहिलंय, त्याच्याबाबत आपलं काय होत असेल?

सॉलोमन ॲश यांनी 1946 साली याहूनही साधा प्रयोग केला. एका अनोळखी माणसाचं वर्णन म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांना सात शब्द वाचून दाखवले. हुशार, कुशल, कष्टाळू, प्रेमळ, निश्चयी, व्यवहारी, सावध. दुसऱ्या गटाला हीच यादी वाचून दाखवली, फक्त ‘प्रेमळ’च्या जागी ‘कोरडा’. मग काही गुणांच्या जोड्या देऊन त्यातला कुठला या माणसाला लागू पडेल ते निवडायला सांगितलं. पहिल्या गटातल्या 91 टक्के लोकांनी त्याला उदार ठरवलं, दुसऱ्या गटातल्या 8 टक्क्यांनी. उदारपणाबद्दल यादीत चकार शब्द नव्हता.

याच प्रयोगातला एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. प्रामाणिकपणाच्या बाबतीत त्या एका शब्दाने काहीच विशेष बदललं नाही. दोन्ही गटांतल्या 90 टक्क्यांहून जास्त जणांनी त्या माणसाला प्रामाणिक ठरवलं. म्हणजे तेज सगळीकडे सारखं पसरत नाही, हे खरं. पण मला विचारात पाडते ती वेगळीच गोष्ट. प्रामाणिकपणाचाही उल्लेख त्या सात शब्दांत नव्हता. दोनांतलं एक निवडायचंच होतं हे मान्य केलं, तरी हुशार आणि कष्टाळू माणसाला प्रामाणिकपणा जवळजवळ सगळ्यांनी बहाल करून टाकला.

तिसरा प्रयोग 1977 चा, मिशिगन विद्यापीठातला. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी 118 विद्यार्थ्यांना एका प्राध्यापकाच्या मुलाखतीची चित्रफीत दाखवली. प्राध्यापक मूळचे बेल्जियमचे, त्यांच्या इंग्रजीला फ्रेंच वळण होतं. एका चित्रफितीत ते मनमोकळे होते, विद्यार्थ्यांबद्दल आस्थेने बोलत होते. दुसरीत तेच गृहस्थ तुटक, ताठर, विद्यार्थ्यांवर विश्वास नसलेले. प्रत्येक विद्यार्थ्याने यातली एकच चित्रफीत पाहिली. नंतर त्यांना प्राध्यापकांचं दिसणं, त्यांच्या लकबी आणि त्यांचे उच्चार यांबद्दल विचारलं. मनमोकळ्या प्राध्यापकांच्या या तिन्ही गोष्टी बहुतेकांना आवडल्या, ताठर प्राध्यापकांच्या बाबतीत त्याच तिन्ही बहुतेकांना खटकल्या. चेहरा तोच होता आणि उच्चारही तेच.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. माणूस आवडला की नाही याचा परिणाम तुमच्या या मतांवर झाला का, असं विचारल्यावर विद्यार्थी म्हणाले, नाही. ताठर चित्रफीत पाहिलेल्यांना तर उलटंच वाटत होतं, की दिसणं, लकबी आणि उच्चार खटकले म्हणून आपल्याला ते आवडले नाहीत. ही भर आपण घातली याचा आपल्यालाच पत्ता लागत नाही. ती नुसत्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीसारखी समोर येते, म्हणून तिच्यावर शंकाही येत नाही.

अंतर असून जवळचा वाटणारा

पूर्वी लांबच्या माणसाची कीर्ती कानावर यायची. आता तो डोळ्यांत डोळे घालून बोलतो. डोनल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी 1956 साली दूरचित्रवाणीच्या निवेदकांचा अभ्यास करताना हे हेरलं होतं. निवेदक कॅमेऱ्याकडे असा बघतो, मधूनच असा थांबतो, की बघणाऱ्याला वाटावं हा माझ्याशीच बोलतोय आणि माझ्या उत्तराची वाट पाहतोय. रोज ठरलेल्या वेळी तो भेटतो, त्याच्या सवयी ओळखीच्या होतात. या एकतर्फी ओळखीला त्यांनी ‘पॅरासोशल’ नाव दिलं. आज जो माणूस सकाळी उठल्यापासून स्वतःचं चित्रण करून लाखोंना दाखवतो, त्याच्या बाबतीत ही ओळख कैक पटींनी घट्ट होते. आपण त्याचं घर पाहिलेलं असतं, त्याच्या आजारपणात आपल्याला काळजी वाटलेली असते. तो आपल्याला ओळखतही नाही, ही गोष्ट मनाच्या हिशेबात येतच नाही.

प्रत्यक्ष सहवासात जे घडतं ते इथे कधीच घडत नाही. जवळचा माणूस आपल्याला नाही म्हणतो. वेळेवर येत नाही, शब्द फिरवतो, रागाच्या भरात लागेल असं बोलतो, दुसऱ्या दिवशी माफी मागतो किंवा मागत नाही. अशा शेकडो लहानसहान प्रसंगांतून त्याचा स्वभाव कळत जातो, तोही आपल्या इच्छेविरुद्ध. लांबच्या माणसाशी आपला व्यवहारच नसतो. त्याने आपल्याकडून काही उसनं नेलं नाही, आपली कधी अडवणूक केली नाही. त्याच्याबद्दलच्या कोऱ्या जागा कोऱ्याच राहतात, आणि त्या आपण आपल्याला हव्या त्या गुणांनी भरतो.

शिवाय जे दिसतं ते कुणीतरी निवडून दाखवलेलं असतं. मुलाखतीतले प्रश्न आधी ठरलेले असतात, भाषण दुसऱ्याने लिहिलेलं असू शकतं, छायाचित्र पन्नासातून एक उचललेलं असतं. हे आपल्याला माहीत असतं. माहीत असूनही उपयोग होत नाही, हेच एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी 1967 साली दाखवलं. क्युबाच्या फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूने किंवा विरोधात लिहिलेले निबंध त्यांनी लोकांना वाचायला दिले आणि लेखकाचं खरं मत काय असेल ते विचारलं. काही वाचकांना स्पष्ट सांगितलं होतं, की बाजू लेखकाने निवडलेली नाही, त्याला नेमून दिलेली आहे. तरीही बाजूने लिहिणारा त्यांना मनातून कॅस्ट्रोचा समर्थक वाटला आणि विरोधात लिहिणारा विरोधक. फरक थोडा कमी झाला, पण पुसला गेला नाही. नेमून दिलेलं काम आणि माणसाचं मन यांत फरक करणं आपल्याला फार जड जातं. व्यासपीठावर करुणेबद्दल बोलणं हे ज्याचं कामच आहे, त्याला आपण करुणामय समजतो ते याचमुळे.

स्वभाव कुठे दिसतो

चारित्र्य ही एकदा पाहून कळणारी गोष्ट नाही, हे सांगणारा मोठा अभ्यास जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचा आहे. ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी 1920 च्या दशकात हजारो शाळकरी मुलांना लबाडी करायच्या वेगवेगळ्या संधी मिळतील अशी योजना केली. कधी परीक्षेत उत्तरं बदलायची संधी, कधी खेळात गुण वाढवून सांगायची, कधी पैसे खिशात टाकायची. मुलं प्रामाणिक आणि अप्रामाणिक अशा दोन गटांत सरळ वाटली जातील असं कुणालाही वाटेल. तसं झालं नाही. परीक्षेत लबाडी करणारं मूल खेळात सचोटीने वागलं, खेळात खोटं बोलणाऱ्याने पैशांना हात लावला नाही. एका प्रसंगावरून दुसऱ्या प्रसंगातल्या वागण्याचा अंदाज फारच कच्चा निघाला.

यावरून स्वभाव असा काही नसतोच, असं कुणी म्हणू लागलं तर ते चूक ठरेल. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं, की एकाच माणसाचे पुष्कळ प्रसंग एकत्र पाहिले तर त्याच्या वागण्याची एक धाटणी दिसते. पण त्यासाठी पुष्कळ प्रसंग लागतात, आणि तेही वेगवेगळ्या तऱ्हेचे. लांबच्या माणसाचे आपण हजार प्रसंग पाहिले असतील, पण ते बहुधा एकाच तऱ्हेचे असतात. हजार वेळा तो मंचावर दिसलेला असतो. मंचावरून उतरल्यावर तो सहकाऱ्याशी कसं बोलतो, हे एकदाही दिसलेलं नसतं.

विल्यम शॉक्ली या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाचं उदाहरण यासाठी नीट पाहण्यासारखं आहे. ट्रान्झिस्टरच्या शोधात त्यांचा मोठा वाटा. 1956 साली जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांच्याबरोबर त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच सुमारास त्यांनी कॅलिफोर्नियात स्वतःची प्रयोगशाळा थाटली आणि देशभरातून निवडक तरुण गोळा केले. रॉबर्ट नॉइस त्यांतले एक. शॉक्लींचा फोन आला तेव्हा साक्षात देवाचा फोन आल्यासारखं वाटलं, असं ते पुढे सांगत. गॉर्डन मूरही त्यांच्याबरोबर दाखल झाले. हे सगळे तल्लख होते, भोळे नव्हते. शॉक्लींची बुद्धी त्यांनी अचूक जोखली होती. एवढा मोठा शास्त्रज्ञ माणसांशीही बरा वागेल, हे मात्र गृहीतच धरलं गेलं होतं.

प्रयोगशाळेत वेगळंच चित्र होतं. शॉक्ली संशयी होते, सहकाऱ्यांचे निष्कर्ष बाहेरच्यांकडून पडताळून घेत. एकदा तिथल्या एका कर्मचारी महिलेच्या हाताला दरवाज्यातल्या एका टोकदार वस्तूने जखम झाली. कुणीतरी मुद्दाम केलेला घातपात आहे अशी शॉक्लींची खात्री पटली आणि कर्मचाऱ्यांची खोटं पकडणाऱ्या यंत्रावर चाचणी घ्यायचा हट्ट त्यांनी धरला. ती टोकदार वस्तू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कळलं, की ती डोकं तुटलेली साधी टाचणी होती. 1957 साली आठ जण एकत्र बाहेर पडले. त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही कंपनी उभी केली, पुढे 1968 मध्ये नॉइस आणि मूर यांनी इंटेल. शॉक्लींची कंपनी काही उभी राहिली नाही. नंतरची बरीच वर्षं त्यांनी वंश आणि बुद्धिमत्ता यांबद्दलच्या घातक कल्पनांचा प्रचार करण्यात घालवली. कमी बुद्ध्यांक असलेल्यांनी नसबंदी करून घ्यावी म्हणून त्यांना पैसे द्यावेत, इथपर्यंत त्यांची मजल गेली.

या आठ जणांना दीड-दोन वर्षांत जे कळलं, ते जगाला नोबेलच्या बातमीतून कळणं शक्यच नव्हतं. त्यांच्याकडे पदवी होती, दुसरी नोकरी मिळायची शाश्वती होती, म्हणून ते निघून जाऊ शकले. सगळ्यांना असं जाता येत नाही.

ज्यांना माहीत होतं

लान्स आर्मस्ट्राँग या अमेरिकी सायकलपटूला 1996 साली कर्करोग झाला. तो फुप्फुसांपर्यंत आणि मेंदूपर्यंत पसरला होता. त्यातून तो वाचला, पुन्हा सायकलवर बसला आणि 1999 ते 2005 अशी सलग सात वर्षं त्याने ‘टूर द फ्रान्स’ ही सायकल शर्यत जिंकली. कर्करोगाच्या रुग्णांसाठी त्याने संस्था काढली. 2004 पासून तिचे पिवळे मनगटपट्टे जगभर कोट्यवधी लोकांच्या हातात दिसू लागले. रुग्णालयात उपचार घेणारी माणसं त्याच्याकडे बघून धीर धरत होती. तो धीर खरा होता, तो कुणीही खोटा ठरवू नये.

उत्तेजक द्रव्यांचा संशय पहिल्या विजयापासूनच होता. त्यावर तो एक उत्तर द्यायचा, की मरणाच्या दारातून परत आलेला मी, असली औषधं शरीरात कशाला घालू? लोकांना ते पटायचं. खरं तर हा पुरावा नव्हे. यातनांमधून गेलेला माणूस खोटं बोलणार नाही, ही आपली श्रद्धा आहे. दुःख सोसलेल्याला आपण सचोटी आपोआप बहाल करतो, जशी ॲश यांच्या विद्यार्थ्यांनी त्या कष्टाळू माणसाला केली होती.

आता त्याच गोष्टीकडे संघातल्या मालीशवालीच्या बाजूने बघा. एमा ओरायली ही आयरिश तरुणी त्या संघात खेळाडूंना मालीश करायची, त्यांचं खाणंपिणं, सामान बघायची. 1999 च्या शर्यतीत आर्मस्ट्राँगच्या चाचणीत कॉर्टिकोस्टेरॉइड या खेळात निर्बंध असलेल्या औषधाचा अंश सापडला. मागची तारीख घालून मलमाची चिठ्ठी तयार करायची आणि सायकलच्या सीटवर बसून झालेल्या जखमेसाठी मलम लावलं होतं असं सांगायचं, ही मसलत मालीशीच्या खोलीत तिच्या देखत झाली, असं तिने सांगितलं. दंडावरच्या सुईच्या खुणा झाकायला त्याने आपल्याकडून मेकअप मागून घेतला, हेही तिने सांगितलं. 2004 साली हे छापून आलं. त्यानंतर तिच्यावर खटले गुदरले आणि तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले गेले. त्याच मजकुराचा हवाला देणाऱ्या ब्रिटिश वृत्तपत्राला 2006 साली तडजोड करून आर्मस्ट्राँगला पैसे मोजावे लागले.

2012 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या उत्तेजक प्रतिबंधक संस्थेने हजाराहून जास्त पानांचा पुरावा मांडला. 26 जणांनी शपथेवर साक्ष दिली होती, त्यांत 11 त्याचे संघसहकारी होते. सातही विजेतेपदं काढून घेतली गेली. जानेवारी 2013 मध्ये त्याने दूरचित्रवाणीवर कबुली दिली आणि मागच्या तारखेच्या चिठ्ठीबद्दल ओरायली खरं बोलत होती, हेही मान्य केलं. मधे जवळजवळ नऊ वर्षं गेली होती.

त्या नऊ वर्षांत तिला खोटं पाडणारे सगळे काही पगारी वकील नव्हते. ज्यांनी आर्मस्ट्राँगला कधी प्रत्यक्ष पाहिलंही नव्हतं, अशी असंख्य साधी, सज्जन माणसं त्याच्या बाजूने उभी होती. त्यांच्या सज्जनपणाबद्दल शंका नाही. पण जिच्याकडे माहिती होती तिच्यापेक्षा, ज्याच्याबद्दल आपल्याला फक्त आदर होता त्याचा शब्द त्यांनी वजनदार मानला. लांबून केलेल्या गैरसमजाची किंमत कोण मोजतं, याचं उत्तर इथे आहे. आपला फार तर भ्रमनिरास होतो. जवळचा माणूस नोकरी गमावतो, बदनाम होतो, आणि बहुतेकदा बोलायच्या आधीच गप्प बसतो, कारण ऐकणाऱ्यांनी निकाल आधीच लावलेला आहे हे त्याला दिसत असतं.

एकदा बसलेलं मत हलत का नाही, याचाही अभ्यास झालेला आहे. ली रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 साली काही लोकांना खऱ्या आणि बनावट चिठ्ठ्या ओळखायचं काम दिलं. कुणाला सांगितलं, तुम्ही छान ओळखल्या, कुणाला सांगितलं, तुम्हाला जमत नाही. नंतर खुलासा केला, की हे निकाल आधीच ठरवलेले होते, तुमच्या उत्तरांशी त्यांचा काहीही संबंध नाही. तरी ज्यांना शाबासकी मिळाली होती ते स्वतःला या कामात बरेच समजत राहिले. आधार काढून घेतला तरी मत उभंच राहिलं. इथे तर तासाभराची गोष्ट होती. ज्याच्याकडे बघून आपण व्यसन सोडलं, शिक्षण पुरं केलं, एखादा कठीण काळ ढकलला, त्याच्याबद्दलचं मत आपल्या स्वतःच्या आयुष्यात गुंफलेलं असतं. त्याला वाईट म्हणताना आपली ती वर्षंही वाया गेल्यासारखी वाटतात, म्हणून माणसं इतक्या त्वेषाने भांडतात. वास्तविक व्यसन आपण सोडलेलं असतं, ते पुन्हा कुणी आपल्या गळ्यात बांधू शकत नाही.

मग ठरवायचं कशावरून

पुष्कळ बाबतींत ठरवायची गरजच नसते. शास्त्रज्ञाचं समीकरण तपासायला त्याचा स्वभाव लागत नाही. ‘तिचं गाणं मला फार आवडतं, माणूस म्हणून ती कशी आहे ते मला माहीत नाही’ हे वाक्य पूर्ण आहे, प्रामाणिक आहे आणि त्यात कुणाचा अपमान नाही. दुसरा अर्धा भाग मोठ्याने म्हणायची सवय लागली, तर कोऱ्या जागा कोऱ्या ठेवता येतात.

जिथे ठरवणं भाग असतं, म्हणजे देणगी द्यायची आहे, मुलांना कुणाच्या हाती सोपवायचं आहे, कुणाच्या हाताखाली कामाला जायचं आहे, तिथे मी सगळ्यात आधी हे बघेन, की ज्यांच्याकडून त्या माणसाला काही मिळण्यासारखं नाही त्यांच्याशी तो कसा वागतो. बरोबरीच्या आणि वरच्या लोकांशी सगळेच नीट वागतात. हाताखालची माणसं किती दिवस टिकतात, सोडून गेलेले काय सांगतात, पैशाचा हिशेब खुला आहे का, चूक दाखवणाऱ्याचं पुढे काय झालं, या गोष्टी भाषणांपेक्षा कितीतरी जास्त सांगतात. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळतं की धमकी, हे तर बहुतेक वेळा लांबूनही दिसतं. आर्मस्ट्राँगच्या बाबतीत ते वर्षानुवर्षं उघड दिसत होतं.

जवळच्या माणसाचं म्हणणं म्हणजे ब्रह्मवाक्य, असंही नाही. असूया असते, जुने हिशेब असतात, गैरसमज असतात. म्हणूनच एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेकांचं म्हणणं जुळतं का, तारखा आणि कागदपत्रं काय सांगतात, हे शांतपणे तपासणारी यंत्रणा लागते. ती तपासणी होईपर्यंत दोन्ही बाजूंनी निकाल न लावणं शक्य असतं. तक्रार करणाऱ्याला खोटं न पाडताही थांबता येतं.

हीच भर उलट दिशेनेही पडते, हेही सांगायला हवं. फारसं न हसणारा, मोजकं बोलणारा, गर्दीत अवघडणारा माणूस लांबून गर्विष्ठ वाटतो आणि मग त्याची हुशारीही लोकांना खुपू लागते. आणि एखाद्याचा खोटेपणा उघडा पडला, की त्याची मेहनत, त्याची बुद्धी, त्याने केलेली मदत सगळंच ढोंग होतं असं म्हणणारे लगेच पुढे येतात. तेही तितकंच न तपासलेलं असतं.

जीन व्हॅनिए यांच्या बाबतीत हा प्रश्न फार तीव्रतेने उभा राहिला. 1964 साली फ्रान्समधल्या एका खेड्यात त्यांनी बौद्धिक अपंगत्व असलेल्या दोन पुरुषांना संस्थेतून काढून आपल्याबरोबर राहायला आणलं. त्यातून ‘लार्श’ उभी राहिली. अपंग आणि अपंग नसलेली माणसं एकत्र राहतात अशी तिची घरं पुढे 30 हून जास्त देशांत निघाली. व्हॅनिए यांना 2015 साली टेम्पलटन पुरस्कार मिळाला, हयातीतच लोक त्यांना संत मानत. मे 2019 मध्ये ते वारले. फेब्रुवारी 2020 मध्ये बाहेर आलेल्या अहवालानुसार आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यांनी सहा स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं. त्यांचे गुरू, एक धर्मगुरू, यांना अशाच वर्तनाबद्दल चर्चने 1956 साली दोषी ठरवलं होतं. ते व्हॅनिए यांना माहीत होतं आणि माहीत असल्याचं त्यांनी नाकारलं होतं, हेही स्पष्ट झालं.

ही चौकशी स्वतः ‘लार्श’नेच बाहेरच्या संस्थेकडून करवून घेतली होती आणि निष्कर्षही स्वतःहून जाहीर केले. मग दुसरा, जास्त मोठा अभ्यास करायला इतिहासकार, समाजशास्त्रज्ञ, मनोविकारतज्ज्ञ बसवले. त्यांचा सुमारे 900 पानांचा अहवाल जानेवारी 2023 मध्ये आला. त्यात स्त्रियांची संख्या किमान 25 निघाली. त्यांच्यापैकी कुणीही बौद्धिक अपंगत्व असलेली नव्हती, हेही त्यात नोंदवलं आहे. घरं बंद झाली नाहीत. तिथे राहणाऱ्या लोकांचं आयुष्य खरोखर सुधारलेलं आहे आणि त्या स्त्रियांचं म्हणणंही खरं आहे, या दोन्ही गोष्टी संस्थेने एकाच वेळी मान्य केल्या. संस्थापकाचं नाव जपण्यापेक्षा बोलायला पुढे आलेल्या बायकांचं ऐकणं तिने महत्त्वाचं मानलं, आणि दुसऱ्या अहवालापर्यंत आणखी बायका पुढे आल्या.